मेस्तकाका, तुम्ही आधी बाबांना विचारलंत

मेस्तकाका, नमस्कार.

त्या दिवशी तुम्ही आमचा ट्रॅक्टर दुरुस्त करून गेलात, पण गडबडीत तुम्हाला आभाराचं साधं 'देव बरें करूं'सुद्धा म्हणायचं राहिलं. म्हणून हे चार शब्द, सगळ्यांसमोर.

आधीचं रामायण तुम्हाला अर्धंच ठाऊक आहे. व्हडल्या दिवाळीला तुळशीचं लग्न लागलं, वायंगणासाठी, म्हणजे पावसाळ्यानंतरच्या भातासाठी पाणी आलं, शेजाऱ्यांचा तरवा, भाताची रोपं, वर निघाला आणि नेमकी आमच्या छोट्या ट्रॅक्टरच्या, मागचं अवजार उचलणाऱ्या लिफ्टनं मान टाकली. माती फिरवणारा रोटावेटर उचलायला गेलं की गचके देत अर्ध्यावर यायचा आणि तिथंच थरथरत राहायचा. शहरातल्या मोठ्या वर्कशॉपात नेला. काचेमागच्या साहेबांनी ट्रॅक्टरला हातही न लावता सांगितलं, "पंप गेला." अकरा हजार मोजून नवा पंप बसवला. चौथ्या दिवशी गचके पुन्हा हजर. परत गेलो तर म्हणे, "तुमच्या म्हाताऱ्यानं भलतंच तेल ओतलं असणार." बाबा तिथंच उभे होते.

बाबा पहिल्या दिवसापासून सांगत होते की पंप वारं ओढतोय. त्यांचं आयुष्य कुळागरात, माड-पोफळीच्या बागेत गेलं. विहिरीवरच्या पंपाचा सक्शन पाइप सांध्यात हवा घेऊ लागला की पाणी उचक्या देत येतं आणि पंपाचा आवाज बदलतो, हे त्यांना झोपेतही कळेल. साहेब हसले. खरं सांगतो, मनातल्या मनात मीही हसलो होतो. कुठं विहिरीचा पंप आणि कुठं तेलाच्या दाबावर चालणारं हायड्रॉलिक!

शेवटी तुम्ही आलात. रोटावेटर जमिनीला टेकवून घेतलात, तेल मोजायची डिपस्टिक काढलीत. तेल पातळीला बरोबर, पण त्यात फेस. मला वाटलं, आता पाने-पकडी निघणार. तुम्ही सोप्यावरचं स्टूल उचलून आणलंत, ट्रॅक्टरच्या कडेला मांडलंत आणि बाबांना म्हणालात, "बसा. आवाज कसा येतो तो तुम्ही सांगा. माझे कान आता पूर्वीसारखे नाहीत."

काका, तुमचे कान ठणठणीत आहेत. रस्त्यावरून गाडी गेली तर तिचा कुठला बेअरिंग वाजतोय ते तुम्ही सांगता, हे अख्ख्या वाळपईला माहीत आहे.

मग चालू इंजिनावर तुम्ही सक्शन पाइपच्या सांध्याला बोटानं ग्रीस फासलंत आणि ती कुंईकुंई एकदम खाली बसली. "थांबला!" बाबा स्टुलावरून उठलेच. आतली रबराची ओ-रिंग कडक होऊन चिरली होती. त्या सांध्यातून तेल बाहेर गळत नाही, पंपाच्या ओढीनं हवाच आत जाते, म्हणून खाली डाग पडत नाही आणि कुणाच्या लक्षातही येत नाही, हे तुम्ही मला समजावत होता. बाबा मध्येच म्हणाले, "आम्ही सायकलची ट्यूब गुंडाळायचो." त्यावर तुम्ही दोघं जे रंगलात, त्यात मला चहा आणण्यापलीकडे काम उरलं नाही.

रिंगेची किंमत एका प्लेट पातळभाजी-पावाएवढीही नव्हती. पैसे वाचले, चिखलणी वेळेत झाली, ते आहेच. पण भर वर्कशॉपात खाली गेलेली बाबांची मान तुम्ही एका स्टुलानं वर आणलीत. हुशार कारागीर शोधला तर मिळतो, काका. आपली हुशारी दहा मिनिटं खिशात ठेवून दुसऱ्याला बोलू देणारा मात्र मला या वयात पहिल्यांदा भेटला. काचेमागच्या साहेबांना जमलं तर त्यांनीही एक स्टूल विकत घ्यावं.

ती चिरलेली रिंग बाबांनी टाकू दिली नाही. सदऱ्याच्या खिशात घेऊन फिरतात, येईल त्याला दाखवतात. वायंगण कापून झालं की नव्या तांदळाची पायली घेऊन ते स्वतः तुमच्याकडे येणार आहेत. नको म्हणू नका. आणि हो, त्यांना बसायला काहीतरी मांडून ठेवा, लवकर उठायचे नाहीत.

तुमचा,
सत्तरी तालुक्यातला एक ट्रॅक्टरवाला