क्विटोच्या सहलीत दिवसांचा क्रम बदलल्याबद्दल तक्रार

दिनांक: १४ सप्टेंबर

प्रति,
मा. व्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग

विषय: क्विटो (इक्वेडोर) येथील सहलीचा छापील कार्यक्रम ऐनवेळी बदलल्यामुळे पत्नीच्या जिवावर बेतले, त्याबद्दल.

महोदय,

मी आणि माझी पत्नी ऑगस्टमध्ये आपल्या कंपनीबरोबर क्विटो आणि परिसराच्या आठ दिवसांच्या सहलीला गेलो होतो. बुकिंगची पावती सोबत जोडली आहे. परत आल्यावर मी आपल्या कार्यालयात दोनदा फोन केला. पहिल्यांदा ‘कळवतो’ असे सांगितले. दुसऱ्यांदा ‘काका, उंचीचा त्रास कुणालाही होतो, त्याला कंपनी काय करणार’ असे उत्तर मिळाले. ते उत्तर ऐकूनच हे पत्र लिहायला बसलो. उंचीचा त्रास कुणालाही होतो हे खरे आहे. म्हणूनच अशा सहलीत कुठल्या दिवशी कुठे जायचे याला महत्त्व असते, आणि नेमके तेच तुम्ही बदललेत.

छापील कार्यक्रम असा होता. गुरुवारी संध्याकाळी क्विटोला आगमन. शुक्रवारी विश्रांती, दुपारनंतर जुने शहर. शनिवारी ओतावालोचा बाजार, रविवारी विषुववृत्ताचे स्मारक मिताद देल मुंदो, सोमवारी मिंडोचे जंगल, मंगळवारी किलोतोआचे सरोवर आणि सगळ्यात शेवटी बुधवारी कोटोपॅक्सी ज्वालामुखी. सातारा जिल्ह्यातल्या एका शाळेत मी ३२ वर्षे भूगोल शिकवला. दुसऱ्या दोन कंपन्यांचे दर तुमच्यापेक्षा कमी होते. तरी मी तुमची सहल निवडली ती हा क्रम बघून. ज्याने कुणी तो लावला त्याला अँडीज पर्वत कळतो, असे मी पत्नीला म्हणालो होतो. क्विटो २,८५० मीटरवर आहे. आपले कळसूबाईचे शिखर १,६४६ मीटर. म्हणजे विमानातून उतरून हॉटेलवर पोचलो की आपण कळसूबाईच्याही हजार मीटर वर झोपतो. दर श्वासाला मिळणारा प्राणवायू समुद्रकाठच्या पाऊणपटीवर येतो. शरीराला याची सवय व्हायला दोन-तीन दिवस लागतात, आणि तुमच्या छापील कार्यक्रमात ते दिवस होते.

मुंबईहून निघून दोन विमाने बदलत, जवळपास दीड दिवसाच्या प्रवासानंतर आम्ही पोचलो. रात्री पत्नीने बॅग उघडली तर साताऱ्याहून नेलेली चिवड्याची सीलबंद पाकिटे ढोलकीसारखी टम्म फुगली होती. बाहेरच्या हवेचा दाब कमी झाला की आतली हवा पसरते, हे मी वर्गात शेकडो वेळा सांगितले असेल, पण हातात धरून तेव्हाच पाहिले. पत्नी हसली आणि म्हणाली, डोके जड झालेय, उद्या उशिरा उठू. तेवढ्यात दहा वाजता गटाच्या व्हॉट्सअॅपवर तुमच्या टूर मॅनेजरचा निरोप आला: उद्या सकाळी ६ वाजता लॉबीत या, उद्या कोटोपॅक्सी. मी फोन करून विचारले. मोठी बस बुधवारी मिळत नाही, उद्याच मिळतेय, असे कारण सांगितले.

रात्रभर पत्नीला झोप लागली नाही. डोके ठणकत होते. सकाळी लॉबीत मी मॅनेजरला स्पष्ट सांगितले की हिला त्रास होतोय, आम्ही दोघे थांबतो. तो म्हणाला, “काकू, थोडं पाणी प्या, सगळ्यांनाच होतं. आणि बस परत येणार नाही, नंतर कोटोपॅक्सी बघायला मिळणार नाही.” त्या वेळी मी आणखी ठामपणे नाही म्हणायला हवे होते. ही माझी चूक मी मान्य करतो. पण वर काय असते हे माहीत असलेला माणूस म्हणून तुम्ही ज्याला पाठवले होते, तो मी नव्हतो.

कोटोपॅक्सी क्विटोच्या दक्षिणेला साधारण पन्नास किलोमीटरवर आहे. तुमच्या पत्रकात ‘शहरापासून अगदी जवळ’ असे लिहिले आहे. अंतराने ते जवळच आहे. ५,८९७ मीटर उंचीचा हा ज्वालामुखी अजून जागा आहे. २०१५ च्या ऑगस्टमध्ये आणि पुन्हा २०२२ च्या अखेरीस त्याने राख फेकली होती. सकाळच्या स्वच्छ उन्हात त्याचा बर्फाचा शंकू दिसला तेव्हा बसमधले सगळे उठून उभे राहिले. लिंपियोपुंगोच्या तळ्याशी, ३,८०० मीटरच्या वर, बस थांबली. तिथे चार पावले चालताना पत्नीला दम लागला. तरीही बस पुढे गेली, थेट वरच्या वाहनतळापर्यंत, म्हणजे जवळपास ४,६०० मीटरवर. क्विटोपासून तिथपर्यंत चढ १,७५० मीटरचा आहे. अख्खे कळसूबाई आणि वर शंभर मीटर, तेही पोचल्यानंतर पुरते चोवीस तास होण्याआधी.

तिथे उतरताच तिला उलटी झाली. वारा एवढा होता की बसचे दार एका माणसाला उघडेना. ओठ जांभळट दिसू लागले. “अहो, मला खाली न्या,” एवढेच ती म्हणत होती. गट ४,८६४ मीटरवरच्या गिर्यारोहकांच्या विश्रामगृहाकडे निघाला होता आणि मॅनेजर त्यांच्याबरोबर गेला. जाताना म्हणाला, “तासाभरात येतो, बस तोपर्यंत हलवता येणार नाही.” तो आला एक तास पन्नास मिनिटांनी. उंचीच्या आजारावर पहिला उपाय एकच असतो, खाली उतरणे. त्या आजारात पुढे फुप्फुसात किंवा मेंदूत पाणी होऊ शकते आणि माणूस दगावतो. हे तुमच्या माणसाला माहीत नसेल तर त्याला तिथे पाठवायला नको होते, आणि माहीत असेल तर तो वर कसा गेला?

तुमच्या पत्रकात ‘बसमध्ये ऑक्सिजनची सोय’ असे ठळक छापले आहे. शेवटच्या सीटमागे लाल पट्ट्याने बांधलेला सिलिंडर खरोखर होता. मास्क नव्हता. नळीही नव्हती. बसच्या स्थानिक चालकाने सगळे कप्पे उपसले, मग आपले ब्लँकेट काढून पत्नीच्या अंगावर टाकले आणि माझ्याकडे बघून हाताने खाली दाखवत ‘आबाहो, आबाहो’ म्हणत राहिला. भाषा येत नसूनही काय करायला हवे ते त्याला कळत होते. शेवटी त्यानेच दुसऱ्या एका गटाच्या पिकअप गाडीवाल्याला थांबवले. त्या गाडीने आम्ही माचाचीला उतरलो. ते गाव २,९०० मीटरच्या आसपास आहे. तिथल्या दवाखान्यात तपासले तेव्हा रक्तातल्या ऑक्सिजनची पातळी ७८ टक्के होती. सहा तास ऑक्सिजन लावला. बिल २१४ डॉलर आले. इक्वेडोरमध्ये अमेरिकन डॉलरच चालतो, तेवढी रोकड सुदैवाने जवळ होती. गाडीवाल्याने पैसे घेतले नाहीत. तुमच्या मॅनेजरचा फोन संध्याकाळी सात वाजता आला, आम्ही जेवायला कुठे आहोत हे विचारायला.

पुढचे दोन दिवस पत्नी हॉटेलच्या खोलीत होती. शनिवारी ओतावालो व्हायचे होते, पण सगळा क्रम हलल्यामुळे गटालाही त्या दिवशी जुने शहर दाखवले आणि ओतावालो बुधवारवर ढकलले. ओतावालोचा मोठा बाजार शनिवारचा असतो. त्या दिवशी पोंचो चौकातल्या दुकानांच्या रांगा आजूबाजूच्या गल्ल्यांत पसरतात. ही गोष्ट तुमच्याच पत्रकात लिहिली आहे. बुधवारी चौकात मोजकी दुकाने होती. माझ्या पत्नीचे माहेर इचलकरंजीचे, लहानपणी घरात माग होते. ओतावालोचे विणकर पिढ्यान्‌पिढ्या लोकर विणतात, स्पॅनिश राजवटीत त्यांना विणकामाच्या कारखान्यांत सक्तीने राबवले गेले आणि तरी त्यांनी ही कला टिकवली, हे मी तिला वाचून दाखवले होते. या सगळ्या सहलीत तिने स्वतःहून मागितलेला दिवस तेवढाच होता. एका म्हातारीच्या दुकानात तिने निळ्या पट्ट्यांची शाल उलटी करून गाठी बघितल्या, घेतली, आणि आम्ही बसमध्ये येऊन बसलो.

रविवारी मी एकटाच गटाबरोबर मिताद देल मुंदोला गेलो. विषुववृत्तावर उभे राहायचे म्हणून मी निवृत्तीनंतर चार वर्षे पैसे साठवले. या देशाचे नावच विषुववृत्तावरून पडले आहे. १७३६ मध्ये फ्रेंच शास्त्रज्ञांची मोहीम इथे आली, रेखावृत्ताच्या एका भागाची लांबी मोजली, आणि पृथ्वी ध्रुवांशी चपटी आहे याचा पुरावा मिळण्यात या मोजणीचा मोठा वाटा होता. तीस मीटर उंचीच्या स्मारकाशी पिवळी रेषा आखलेली आहे. जीपीएसनुसार खरे शून्य अक्षांश तिथून सुमारे २४० मीटर उत्तरेला येते. तुमच्या पत्रकात ‘प्रत्यक्ष विषुववृत्तावर उभे राहा’ असे लिहिले आहे, म्हणून मी मॅनेजरला म्हटले, पाच मिनिटांची वाट आहे, जाऊन येतो. एकूण वेळ चाळीस मिनिटांचा दिला होता, त्यातली पंचवीस गटाच्या फोटोत गेली. ‘काका, रेषा तर इथेच आहे’ म्हणून मला बसमध्ये बसवले. फोनवर तेव्हा अक्षांश शून्य अंश शून्य मिनिटे सात सेकंद दक्षिण दिसत होते. तो फोटो सोबत जोडला आहे.

सोमवारचा मिंडोचा दिवस मात्र उत्तम झाला आणि तेही लिहायला हवे. मिंडो १,२५० मीटरच्या आसपास आहे. घाट उतरू लागलो तसे पत्नीचे डोके हलके झाले, दोन दिवसांत पहिल्यांदा तिने पोटभर खाल्ले. झाडाला टांगलेल्या साखरपाण्याच्या भांड्यांवर हमिंगबर्ड येत होते, एक तर तिच्या चष्म्यासमोर येऊन थांबला. हा दिवस पहिला ठेवला असता तर बाकीचे सगळे टळले असते. कमी उंचीची ठिकाणे क्विटोच्या दोन तासांच्या परिघात आहेत, ती आधी घ्यायची आणि ज्वालामुखी शेवटी. मूळ कार्यक्रमात तुम्हीही जवळपास तेच केले होते.

किलोतोआबद्दल थोडक्यात लिहितो. क्विटोहून तिथे पोचायला तीन तासांहून अधिक लागतात, आणि त्या डोंगरांवर दुपारनंतर बऱ्याचदा ढग उतरतात. आपण साडेनऊला निघालो, वाटेत एका दुकानात पाऊण तास थांबवले. ३,९०० मीटरवरच्या काठावर दीड वाजता पोचलो तेव्हा खाली पांढऱ्या धुक्याशिवाय काही नव्हते. तीन किलोमीटर रुंदीच्या विवरातले हिरवे सरोवर आमच्यापैकी कुणीही पाहिले नाही. पत्नी त्या दिवशीही हॉटेलवर थांबली. जेवणाची माझी तक्रार नाही. बटाट्याचे लोक्रो सूप, मक्याचे उकडलेले कणीस आणि चीज मिळाले, शाकाहारी माणसाचे चांगले भागते.

सहलीआधी तुम्ही पाठवलेल्या सूचनांत स्वेटर, कानटोपी, सनस्क्रीन, पॉवर बँक सगळे होते. उंचीबद्दल एक शब्द नव्हता. ‘आपल्या डॉक्टरांना विचारून या’ एवढी एक ओळ असती तरी आम्ही विचारून, गरज पडल्यास औषध घेऊन आलो असतो. गटात साठीच्या पुढचे नऊ जण होते.

माझ्या मागण्या अशा आहेत. माचाचीच्या दवाखान्याचे २१४ डॉलर आजच्या दराने परत करावेत. पत्नीला कोटोपॅक्सी, जुने शहर, मिताद देल मुंदो आणि किलोतोआ हे चार दिवस मिळाले नाहीत, त्यांचे पैसे परत करावेत. मूळ कार्यक्रम कुणाच्या निर्णयाने बदलला आणि सिलिंडरला मास्क का नव्हता, याचे उत्तर लेखी द्यावे. फोनवर नको. छापलेली सेवा न देणे ही सेवेतील त्रुटी आहे, आणि पंधरा दिवसांत उत्तर आले नाही तर ग्राहक संरक्षण अधिनियम २०१९ नुसार मी साताऱ्याच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार दाखल करीन. ग्राहक जिथे राहतो तिथे ती करता येते, त्यासाठी मला पुण्याला यावे लागणार नाही.

आणखी एक गोष्ट, आणि ती पैशांच्या आधी करावी अशी विनंती आहे. काल मी तुमच्या संकेतस्थळावर जानेवारीच्या गटाचा कार्यक्रम पाहिला. त्यात कोटोपॅक्सी दुसऱ्या दिवशी आहे, आणि या वेळी तो छापलेलाच तसा आहे. त्या गटात कुणाची तरी आई असेल. तो दिवस आजच्या आज शेवटी न्या आणि बदललेला कार्यक्रम मला या पत्राच्या उत्तराबरोबर पाठवा.

आपला,
सातारा येथील ग्राहक

सोबत: बुकिंगची पावती, छापील कार्यक्रमपत्रक, व्हॉट्सअॅप निरोपाची प्रत, दवाखान्याचे बिल आणि तपासणीचा कागद, मिताद देल मुंदो येथील फोटो.