घेणारा कोण, ते बघ

सातारा,
बुधवार, पहाटे

चि. सोनू हिस,
अनेक आशीर्वाद.

रविवारी मी फोन ठेवून दिला. आई तेव्हापासून माझ्याशी धड बोलत नाही. "पोरगी स्वतःच्या पायावर उभी आहे, तिचं तिला ठरवू दे," एवढंच म्हणाली. तिचं खरं आहे. तुझं एक्स्टेंशन, क्रोम ब्राउझरला जोडायचं ते छोटं साधन, विकायचं की नाही ते तूच ठरव. मी त्यात पडायचं नाही असं ठरवून लिहायला बसलोय.

फक्त घेणारा कोण आहे, ते एकदा बघ.

तू म्हणालीस, "अण्णा, तुम्हाला यातलं कळत नाही." कोड मला कळत नाही. पण महिन्याच्या महिन्याला घरोघरचे पैसे येणं म्हणजे काय, ते कळतं. तुम्ही त्याला सबस्क्रिप्शन म्हणता, आम्ही रतीब म्हणायचो. गावातून बोगद्यापर्यंत चढ, मग मंगळवार तळं, राजवाडा, मोती चौक. सायकलला दोन्हीकडं किटल्या. गिऱ्हाइकाच्या भिंतीवरच्या कॅलेंडरात खाडे लिहिलेले असायचे आणि महिनाअखेरीला तेच कॅलेंडर माझ्यासमोर धरायचे. माझी वही कुणी कधी मागितली नाही.

2021 च्या लॉकडाउनमध्ये तू माडीवर बसून ते एक्स्टेंशन केलंस, ते दिवस मला अजून दिसतात. वेबसाइटवरचा तक्ता उचलून एक्सेलमध्ये ठेवणारं एवढंसं काम. क्रोमच्या दुकानात मांडायला एकदाच 5 डॉलर भरायचे होते, ते दादाच्या कार्डावरून गेले. पैसे गोळा करायची गूगलची स्वतःची सोय त्याच वर्षी बंद झाली, म्हणून वसुलीचं सगळं तू वेगळं उभं केलंस. ते बसतं न बसतं तोच ऑक्टोबरात कार्डाच्या हप्त्यांना रिझर्व्ह बँकेचा नवा नियम लागला आणि इथल्या गिऱ्हाइकांचे पैसे अडले. महिनाभर तुला जेवण गेलं नाही. पहिलं परदेशातलं गिऱ्हाईक लागलं, 4 डॉलर महिना, त्या रात्री जिना उतरून येऊन तू आईला उठवलंस. आज 210 जण पैसे भरतात आणि फुकट वापरणारे 18 हजारांवर आहेत. मी हे पोवई नाक्यावर सगळ्यांना सांगून झालंय, आक्काकडं तर दोनदा.

2024 च्या जत्रेला आलीस तेव्हाही तू ओसरीवर लॅपटॉप घेऊनच बसली होतीस. जूनपासून गूगल जुन्या पद्धतीची, मॅनिफेस्ट व्ही टूची एक्स्टेंशनं बंद करायला लागणार होतं आणि तुझं थोडं काम राहिलं होतं. पालखी दारावरून गेली तेव्हा उठून हात जोडलेस आणि परत बसलीस. तेव्हा मी रागावलो होतो, ते चुकलंच माझं. म्हशीची धारही सणासाठी थांबत नाही, हे मला कळायला हवं होतं.

गेल्या आठवड्यात दादाकडून त्याच्या लॅपटॉपवर तुझं एक्स्टेंशन घालून घेतलं. आधी क्रोमनं विचारलं: हे सगळ्या वेबसाइटवरची तुमची माहिती वाचू आणि बदलू शकेल, चालेल का? मी दादाला म्हटलं, सगळ्या म्हणजे बँकेच्याही? तो हो म्हणाला. मग मी रात्रभर त्याला विचारत बसलो. नव्या मालकानं जास्तीची परवानगी मागितली तर क्रोम एक्स्टेंशन थांबवून माणसाला पुन्हा विचारतं, पण तुझ्याकडं ती आधीच सगळी आहे. अपडेट आपोआप जातं. आणि मालक बदलला हे क्रोम कुणाला कळवत नाही.

द ग्रेट सस्पेंडर नावाच्या एक्स्टेंशनचं तूच मला सांगितलं होतंस. 2020 मध्ये ते अनोळखी माणसाला विकलं गेलं आणि 2021 च्या फेब्रुवारीत गूगलनं मालवेअर म्हणून काढून टाकलं. 20 लाखांच्या आसपास लोक वापरत होते. जेवता जेवता तू संतापून म्हणाली होतीस, "असं कसं विकतात लोक?"

बघ, पुन्हा तिथंच आलो. रागावू नकोस. पण एक हिशोब कर. 210 जणांचे वर्षाचे पैसे धर आणि घेणारा त्याच्या किती पट देतोय ते बघ. फार जास्त देत असेल, तर त्यानं भाव फुकटवाल्या 18 हजारांचा लावलाय. ज्यांच्याकडून रुपया येत नाही त्यांचे पैसे तो कशासाठी मोजतोय, ते त्याला विचार. त्याचं नाव काय, आधी काय चालवलंय, तेही विचार. पुरे करतो.

आईच्या गुडघ्यांसाठी तू हे करतेयस, ते तिनं मला काल सांगितलं. तू का नाही सांगितलंस?

आता मी सांगतो. 2014 च्या जुलैत तुझी पहिल्या वर्षाची फी भरायची होती. म्हशी मी विकल्या, एवढंच तुला माहीत आहे. रतिबाची लाइनही विकली होती, 84 घरं. घेणाऱ्यानं दुसऱ्या दोघांपेक्षा बरेच जास्त दिले आणि का देतोय ते मी विचारलं नाही. पहिले आठ दिवस त्याला बरोबर घेऊन दारोदार फिरलो आणि "आपलाच माणूस आहे," असं प्रत्येक दारात सांगितलं. महिन्याभरानं मंगळवार तळ्याच्या आजी भाजीच्या पाटीपाशी भेटल्या. त्यांचा नातू तेव्हा वरच्या दुधावर होता. म्हणाल्या, "अण्णा, तुमचं दूध पातळ झालंय हो." मी लाइन सोडली हे त्यांना माहीत होतं. तरी 'तुमचं' म्हणाल्या. मला उत्तर देता आलं नाही. त्यानंतर मी त्या गल्लीनं गेलो नाही.

फी भरली याचं वाईट वाटत नाही. तेवढं मनात आणू नकोस.

गुडघ्यांचं एवढ्या घाईचं नाही. डॉक्टर म्हणाले दिवाळीनंतरही चालेल. आईची बांगडी आहे, माझी ठेव मार्चमध्ये सुटते, दादाही म्हणतोय. विकायचंच ठरवलंस तर माणूस बघून वीक, मी परत विषय काढणार नाही.

मामा शनिवारी पुण्याला येतोय. त्याच्याकडे कंदी पेढे आणि मेतकूट देतोय. रात्री जागतेस तेव्हा काहीतरी खाऊन जाग.

रविवारी फोन कर. या खेपेला मी आधी ठेवणार नाही.

तुझे,
अण्णा