आजोबांच्या नोंदीतले ‘इग्नोटिस’

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या वाचकपत्रांच्या सदरात गेल्या पंधरवड्यात लॅटिनवर दोन पत्रे आली. मराठीला ३ ऑक्टोबर २०२४ रोजी अभिजात दर्जा मिळाला, तरी नागपुरातल्या कॅथलिक चर्चमध्ये अजून अधूनमधून एका मेलेल्या परक्या भाषेतली गाणी का म्हणतात, असे पहिल्या वाचकाने विचारले. दुसऱ्याने त्याला दुजोरा दिला. दोघांचे मराठीप्रेम खरे आहे, त्याबद्दल मला शंका नाही. पण मी जन्माने कॅथलिक आणि मराठीच बोलणारा माणूस आहे, वय त्र्याहत्तर. चौतीस वर्षे दिवाणी कोर्टाच्या रेकॉर्ड विभागात काढली. कागदावर जे लिहिले आहे तेच वाचायचे, एक अक्षर कमी नाही की जास्त नाही, ही सवय हाडीमाशी भिनली आहे. म्हणून लॅटिनची बाजू मी एका कागदावरूनच मांडतो.

माझ्या नातीने मागच्या वर्षी घराण्याची वंशावळ करायला घेतली. माझ्या आजोबांचा बाप्तिस्म्याचा दाखला तिला हवा होता. विदर्भातल्या एका जुन्या चर्चच्या कार्यालयात अर्ज केला. नाव मुद्दाम घेत नाही, तिथली माणसे मनाने चांगली आहेत. महिन्याभराने टाइप केलेला दाखला आला. त्यात वडिलांच्या नावाच्या रकान्यात लिहिले होते ‘पॅरेन्टिबस’ आणि आडनाव ‘इग्नोटिस’. नातीने वंशावळीच्या तक्त्यावर तेच नाव उतरवले. इटालियन असतील का हो आपले पणजोबा, असे तिने मला विचारले.

माझे हातपाय गार पडले. त्या शब्दांचा अर्थ मला माहीत होता. पारेंतिबुस इन्योतिस, म्हणजे आईबाप अज्ञात.

दुसऱ्याच दिवशी मी ते मूळ रजिस्टर बघायला गेलो. कापडी पुठ्ठ्याचे, कडा कसरीने खाल्लेल्या, शाई तपकिरी पडलेली. अक्षर मात्र असे, की आजच्या एखाद्या कारकुनाला लाज वाटावी. नोंद चार ओळींची. १९०० सालच्या जून महिन्यात, सुमारे चार वर्षांचा मुलगा, आईबाप अज्ञात, ‘तेम्पोरे फामिस रेचेप्तुम’, दुष्काळात आश्रयाला घेतलेला, त्याला योसेफ हे नाव दिले. खाली धर्मगुरूंची सही.

१८९९-१९०० चा दुष्काळ मध्य प्रांतात किती भयंकर होता, हे जुन्या नागपूरकरांना सांगायला नको. त्याआधी तीनच वर्षांपूर्वी, १८९६-९७ साली, एक दुष्काळ होऊन गेला होता, त्यातून माणसे सावरायच्या आत हा दुसरा. आजोबा रेल्वेत खलाशी होते. आपले गाव, आपली माणसे, याबद्दल ते कधी एक शब्द बोलले नाहीत. मात्र ताटाखाली सांडलेले ज्वारीच्या भाकरीचे कुसकर ते बोटाने टिपून खात, आणि पलंगाखाली एका पत्र्याच्या डब्यात नेहमी दोन पायली ज्वारी असे. त्या डब्याला आजीलाही हात लावू देत नसत. आम्हा मुलांना तो म्हाताऱ्याचा चिक्कूपणा वाटे. चार ओळींच्या त्या लॅटिन नोंदीने मला तो डबा एकशे पंचवीस वर्षांनी समजावून सांगितला.

आता विचार करा, ती नोंद लॅटिनमध्येच का होती? नागपूरचे मिशन सेंट फ्रान्सिस डी सेल्सच्या संघाचे, ॲन्सी गावाहून आलेल्या धर्मगुरूंचे. त्यांची बोली फ्रेंच. मुलगा इथला, बोलत असेल वऱ्हाडी नाहीतर झाडी, त्या वयात आणि त्या अवस्थेत जे काही बोलत असेल ते. कारभार इंग्रजांचा. फ्रेंचमध्ये लिहिले असते तर पुढच्या भारतीय फादरांना वाचता आले नसते, आणि मोडीत त्यांना लिहिता येत नव्हते. त्यांनी त्याच शब्दांत लिहिले ज्या शब्दांत तेव्हा दूरदूरच्या कितीतरी चर्चमध्ये बाप्तिस्म्याच्या नोंदी होत होत्या. वाक्य ठरलेले, रकाने ठरलेले. कोर्टात काम केलेल्या माणसाला याचे मोल चटकन कळते. आजही आपल्याच वर्तमानपत्रात ‘हायकोर्टाने सुओ मोटो दखल घेतली’ असे आपण छापता आणि वाचकही ते न अडखळता वाचतात. तेही लॅटिनच.

मी ही नोंद वाचू शकलो याचे कारण माझे शिक्षण नव्हे. मी नवव्या वर्षापासून वेदीसेवक, म्हणजे उपासनेत फादरांना मदत करणारा पोरगा, होतो. तेव्हा मिस्सा, म्हणजे आमची मुख्य उपासना, पूर्ण लॅटिनमध्ये असे. फादरांनी एक ओळ म्हणायची, आम्ही पोरांनी दुसरी. वडिलांनी मला एका शंभर पानी वहीत ती उत्तरे देवनागरीत उतरवून दिली होती आणि समोरच्या पानावर मराठीत अर्थ. वही अजून माझ्याजवळ आहे. पहिल्या पानावर फादरांची ओळ, ‘मी देवाच्या वेदीपाशी जाईन’. तिच्याखाली निळ्या शाईत माझे उत्तर: ‘अद देउम क्वी लेतीफिकात युवेंतूतेम मेआम’. माझ्या तारुण्याला आनंद देणाऱ्या देवाकडे. नऊ वर्षांचा पोरगा पहाटे साडेपाचला थंडीत कुडकुडत हे म्हणायचा, तेव्हा त्याला तारुण्य म्हणजे काय हेही ठाऊक नव्हते. आता गुडघे धरून चर्चची पायरी चढताना हीच ओळ आपोआप तोंडात येते आणि आता ती मला पुरती कळते.

पहिल्या पत्रलेखकाचा खरा मुद्दा मात्र मला मान्य करायलाच हवा. आपल्या विदर्भातच, रिद्धपूरच्या महानुभावांमध्ये, नागदेवाचार्यांनी आपल्या विद्वान शिष्याला संस्कृतात लिहू नको म्हणून अडवले होते. माझ्या म्हाताऱ्या त्याने नागवल्या जातील, असे त्यांचे म्हणणे. सातशे वर्षांपूर्वीचे ते बोल कोणत्याही धर्माच्या पुरोहिताने उशाशी ठेवावेत असे आहेत. आमच्या चर्चलाही हे उशिरा का होईना उमगले. जगभरच्या बिशपांच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ४ डिसेंबर १९६३ रोजी उपासनेविषयीचा दस्तऐवज मंजूर केला आणि लोकभाषांना दार उघडले. माझी आजी निरक्षर होती. लिटनीतले, म्हणजे संतांच्या आळवणीतले ‘ओरा प्रो नोबिस’, आमच्यासाठी प्रार्थना कर, ती जन्मभर म्हणत आली होती. पहिल्यांदा मराठीत मिस्सा ऐकून बाहेर आली तेव्हा पदराने डोळे पुसत म्हणाली, ‘आता समजलं गा मले, फादर काय म्हणते ते.’ हे मी या कानांनी ऐकले आहे. त्यामुळे मराठी मिस्सा काढून पुन्हा सगळे लॅटिन करा, असे मी मेलो तरी म्हणणार नाही. जुनी लॅटिन मिस्सा म्हणायला २००७ साली पोप बेनेडिक्ट यांनी सवलत दिली आणि २०२१ साली पोप फ्रान्सिस यांनी ती आवळली. त्या वादात मला पडायचे नाही.

पण त्याच परिषदेने त्याच दस्तऐवजात दुसरे काय म्हटले, ते कुणी सांगत नाही. छत्तिसाव्या कलमात लॅटिनचा वापर राखावा असे आहे. चोपन्नाव्यात तर स्पष्ट लिहिले आहे की मिस्सेतले लोकांच्या वाट्याचे भाग लोकांना लॅटिनमध्येही एकत्र म्हणता किंवा गाता यावेत, याची काळजी घ्यावी. १९७४ साली पोप सहावे पॉल यांनी जगभरच्या बिशपांना सोप्या लॅटिन चालींची एक छोटी पुस्तिका पाठवली, ती याचसाठी. १९८३ च्या धर्मसंहितेच्या २४९ व्या कलमात सेमिनरीतल्या, म्हणजे धर्मगुरू घडवणाऱ्या शाळेतल्या, विद्यार्थ्यांबद्दल नियम आहे. त्यांना स्वतःची भाषा नीट शिकवावी आणि लॅटिनही चांगले यावे, दोन्ही एकाच वाक्यात. सेमिनरी या शब्दाचा लॅटिनमधला मूळ अर्थ रोपवाटिका. सेमिनरी हिल्सवर रोज सकाळी फिरायला जाणाऱ्या नागपूरकरांना हे सांगावेसे वाटते, की त्या टेकडीचे नाव तिथल्या सेंट चार्ल्स सेमिनरीवरून पडले आहे आणि तो शब्द त्या टेकडीवरच्या झाडांनाही तितकाच शोभतो.

आणि लॅटिन तरी कुठे देवाची भाषा म्हणून आली? रोममधले पहिले ख्रिस्ती लोक ग्रीकमध्ये प्रार्थना करीत. लॅटिन ही तिथल्या बाजारातली, सैनिकांचीही भाषा. चौथ्या शतकात पोप दमासस यांच्या सांगण्यावरून संत जेरोम यांनी बायबलचे लॅटिन भाषांतर हाती घेतले, त्याला पुढे नाव पडले वुल्गाता, म्हणजे सर्वत्र रूढ असलेले. ग्रीक सोडून लॅटिन घेतल्यावरही रोमच्या माणसांनी एक गोष्ट केली, ती मला फार मोलाची वाटते. ‘किरिये एलेइसोन’, प्रभो दया कर, हे त्यांनी ग्रीकमध्येच म्हटले. त्याच्याही आधीचे ‘आमेन’ आणि ‘हालेलुया’ हिब्रूतून आले, तेही तसेच ठेवले. घर बदलताना माणूस जुन्या घरातले देव्हाऱ्यातले दोन टाक तरी बरोबर नेतोच की. आम्ही लॅटिनमधून मराठीत राहायला आलो, तेव्हा आमच्या हातात काय उरले? आजच्या पंचविशीतल्या पोरांना ‘साल्वे रेजिना’ची, मरियेच्या त्या जुन्या गाण्याची, पहिली ओळही येत नाही.

नागपूरपुरते तर याला रोजचे कारण आहे. आमच्या एकेका पॅरिशमध्ये, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतल्या समाजात, मराठी, मल्याळी, तमिळ, कोकणी, छोटानागपूरहून आलेले उरांव, असे सगळे आहेत. रविवारी प्रत्येकाची मिस्सा वेगळ्या वेळी. पण पुण्य सप्ताहात आणि नाताळच्या मध्यरात्री सगळे एका छपराखाली येतात, आणि कोणाच्या भाषेतली किती गाणी यावरून क्वायरमध्ये जी धुसफूस होते ती मी वर्षानुवर्षे पाहतो आहे. एका वर्षी एका पॅरिशमध्ये तर शुक्रवारच्या क्रूसभक्तीनंतर, बाहेर मांडवात, दोन भाषांची भली माणसे गाण्यांची यादी हातात धरून एकमेकांवर ओरडत होती. त्याच दिवशी, आत अंधार करून, एका वृद्ध मल्याळी बाईंनी ‘स्ताबात मातेर’ सुरू केले. क्रूसाखाली उभी असलेली आई. पाठोपाठ एक गोवेकर, मग मी, मग मागच्या बाकावरचा एक रांचीकडचा म्हातारा. आम्हा चौघांना एकमेकांच्या भाषेतले धड एक वाक्य बोलता आले नसते. तीन कडवी आम्ही बरोबर म्हटली. पोरे वळून बघत राहिली. ती भाषा आमच्यापैकी कोणाचीच नव्हती, म्हणून कोणाला कमीपणा आला नाही.

लॅटिन मेलेली आहे, हे पत्रलेखकांचे वाक्यही तपासून घ्यायला हवे. ११ फेब्रुवारी २०१३ रोजी पोप बेनेडिक्ट यांनी राजीनाम्याची घोषणा लॅटिनमध्ये केली. ती कळून पहिली बातमी देणारी एक इटालियन वृत्तसंस्थेची महिला पत्रकार होती, कारण तिला लॅटिन येत होते. संपादक महोदय, आपल्या व्यवसायातलेच उदाहरण आहे.

माझे मागणे लहान आहे. प्रत्येक पॅरिशमध्ये पहिल्या कम्युनियनच्या वर्गात मुलांना लॅटिनमधली पाच-सहा गाणी देवनागरीत लिहून, अर्थासह शिकवावीत: सांक्तुस (पवित्र, पवित्र), आन्युस देई (देवाचे कोकरू), पातेर नोस्तेर (हे आमच्या पित्या), साल्वे रेजिना आणि दफनाच्या वेळचे ‘इन पारादिसुम’. फार तर महिन्यातून एकदा म्हणावीत. बाकी सगळे मराठीत, खुशाल. दुसरे असे, की जुन्या रजिस्टरांची पाने कसर संपवायच्या आत त्यांचे फोटो काढून घ्यावेत आणि दाखला देणाऱ्याला निदान पन्नास ठरावीक लॅटिन शब्द शिकवून मगच त्या खुर्चीत बसवावे. त्या शब्दांची यादी मी केली आहे, मराठी अर्थासह, चार पाने होतात. जो मागेल त्याला झेरॉक्स देतो. ज्या कार्यालयाने तो दाखला दिला होता, त्यांना पहिली प्रत देऊन आलो. त्यांनी मला चहा पाजला आणि दाखला लगेच दुरुस्त करून दिला.

‘इन पारादिसुम’ बद्दल एक सांगायचे राहिले. आजोबा १९६३ साली गेले, तेव्हा मी अकरा वर्षांचा होतो आणि दफनाच्या वेळी धूपदाणी माझ्याच हातात होती. फादर गात होते. देवदूत तुला स्वर्गात नेवोत. शेवटची ओळ तेव्हा माझ्या कानांवरून गेली, ‘एत कुम लाझारो क्वोंदाम पाउपेरे’, एकेकाळी गरीब असलेल्या लाजरसाबरोबर तुला चिरंतन विसावा मिळो. श्रीमंताच्या दाराशी उपाशी पडलेला तो लाजरस. दुष्काळातून उचलून आणलेल्या माझ्या आजोबांसाठी ती ओळ म्हटली जात होती आणि त्यांच्या घरातल्या एकालाही ते माहीत नव्हते. वडिलांना अर्थ येत होता, पण नोंद कधी पाहिली नव्हती. आता मला दोन्ही माहीत आहे. येत्या २ नोव्हेंबरला, मृतांच्या स्मरणाच्या दिवशी, नातीला घेऊन आजोबांच्या कबरीवर जाणार आहे. ती ओळ तिने पाठ केली आहे. वहीच्या शेवटच्या कोऱ्या पानावर तिने ती स्वतःच्या अक्षरात लिहूनही ठेवली आहे, समोर अर्थासह.

आपला,
एक जुना वाचक
मोहननगर, नागपूर