कासवांच्या वाळूवर तंबू नकोत

माननीय संपादक महोदय,
स. न. वि. वि.

दक्षिण गोव्यातील काणकोण तालुक्याच्या किनाऱ्याने पायी फिरवत, रोज नव्या वेळेवर (म्हणजे समुद्रकिनाऱ्यावरच्या वाळूवर) तंबूत मुक्काम घडवणाऱ्या सामूहिक सहलींच्या जाहिराती दिवाळीनंतर समाजमाध्यमांवर दिसू लागतात. गेल्या फेब्रुवारीत मी माझ्या भाचीसोबत अशाच एका सहलीला गेले होते. आम्ही 28 जण होतो, तीन रात्रींचा कार्यक्रम होता आणि काब द रामच्या किल्ल्यापासून निघून आगोंद, पाळोळे, तळपण, गालजीबाग असे करत दक्षिणेला पोळेपर्यंत जायचे होते. त्या सहलीतील शेवटच्या रात्री जे घडले, ते आपल्या वृत्तपत्राच्या वाचकांपुढे आणि संबंधित खात्यांपुढे ठेवावे, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

प्रथम हे नमूद करते की, अशा सहली बंद व्हाव्यात असे माझे मुळीच म्हणणे नाही. मडगावसारख्या शहरात आयुष्य काढलेल्या माझ्यासारखीला आपल्याच राज्याचा हा किनारा पायी चालल्याशिवाय कळला नसता. जांभ्या दगडाचे कडे थेट समुद्रात उतरतात, त्यांच्या माथ्यावरच्या झाडातून समुद्री गरुड झेपावतो आणि नखांत वळवळणारा समुद्री साप घेऊन परततो, हे मी पहिल्यांदा पाहिले. पाळोळेच्या उत्तरेला, किनाऱ्यापासून फार दूर नसलेल्या पाण्यात, डॉल्फिनचे करडे पाठीचे उंचवटे अर्धा तास वरखाली होत होते. तळपणच्या नदीमुखाजवळ ओहोटीला उघड्या पडलेल्या चिखलात पाणमांजरांच्या पावलांचे ठसे होते आणि शेजारीच माशांच्या खवल्यांनी भरलेली त्यांची विष्ठा. सोबतची मुले ओणवी होऊन ते ठसे मोजत होती. एवढी गोष्ट शिकवायला शाळेतला एक तास पुरला नसता.

तिसऱ्या रात्रीचा मुक्काम एका लहानशा वेळेवर होता. तिथवर गाडीरस्ता जात नाही. तिचे नाव मी मुद्दाम लिहीत नाही, कारण नाव छापून आले की पुढच्या आठवड्यात तिथे आणखी तंबू लागतील. आयोजकांनी बारा तंबू वाळूच्या टेकाडाच्या पायथ्याशी, वाळूवर पसरणाऱ्या मर्यादवेलीच्या जाळीवरच ठोकले. तंबूंच्या रांगेवर दिव्यांच्या माळा सोडल्या, वाहून आलेली लाकडे गोळा करून शेकोटी पेटवली आणि मध्यरात्र उलटेपर्यंत गाणी चालू होती. मीही त्या शेकोटीजवळ बसले होते. त्या क्षणी मला त्यात काही वावगे वाटले नाही, हे मी प्रामाणिकपणे सांगते.

पहाटे रापणीच्या (किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्याच्या) तयारीसाठी आलेल्या एका वयस्क मच्छीमाराने मला हाक मारून वाळू दाखवली. आमच्या शेवटच्या तंबूपासून जेमतेम 20 पावलांवर, पाण्यातून वर आलेला दीड हात रुंदीचा माग होता. दोन्ही बाजूंनी वल्ह्यांनी ओढल्यासारख्या आडव्या खुणा आणि मधोमध पोटाने घासत गेलेला सपाट पट्टा. तो माग सरळ वर आला होता, तंबूंच्या दिशेने काही अंतर गेला होता आणि अर्धवर्तुळ घेऊन पुन्हा पाण्यात उतरला होता. खड्डा नव्हता, उकरलेली वाळू नव्हती. “उजवाड पळयलो आनी परतलें” (उजेड पाहिला आणि कासव परतले), एवढेच ते म्हणाले आणि जाळ्याकडे वळले.

आपल्याकडे विणीला येणाऱ्या ऑलिव्ह रिडले कासवाची मादी साधारण 40 किलो वजनाची असते. पाण्यात ती चपळ असली तरी वाळूवर तिला स्वतःचे वजन ओढत यावे लागते. भरतीरेषेच्या वर कोरडी जागा शोधून ती वल्ह्यांसारख्या मागच्या पायांनी दीड फूट खोल खड्डा खणते, त्यात शंभराच्या आसपास अंडी घालते, वाळू लोटून, दाबून खड्डा बुजवते आणि तासाभरात परत जाते. या साऱ्यासाठी तिला काळोख आणि शांतता लागते. वर येताना उजेड किंवा हालचाल दिसली, तर ती अंडी न घालता माघारी फिरते. मग ती दुसरीकडे जागा शोधते आणि तीही न मिळाल्यास काही वेळा अंडी समुद्रातच टाकून देते. ओडिशातील गहिरमाथा किंवा ऋषिकुल्येच्या किनाऱ्यावर लाखो माद्या एकाच हंगामात थव्याने येतात. आपल्याकडे त्या एकेकट्या येतात. म्हणून गोव्याच्या किनाऱ्यावरून परत गेलेली एक मादीही मला थोडी वाटत नाही.

तंबूंचा त्रास मादी परत गेली म्हणून संपत नाही. अंड्यांतून पिल्ले बाहेर यायला दीड ते पावणेदोन महिने लागतात, म्हणजे फेब्रुवारीतल्या अंड्यांची पिल्ले मार्चअखेरीस किंवा एप्रिलमध्ये वाळूबाहेर पडतात. ती बहुधा रात्री निघतात आणि क्षितिजाजवळ जिथे जास्त उजेड दिसेल तिकडे धावतात. काळोख्या किनाऱ्यावर तो उजेड समुद्राचा असतो. दिव्यांच्या माळा लावलेल्या किनाऱ्यावर ती जमिनीकडे वळतात आणि कुत्रे, कोल्हे, कावळे यांच्या तोंडी पडतात किंवा उन्हाने वाळून मरतात. शेकोटीच्या खाली घरटे असेल, तर अंड्यांना उष्णतेचा धोका असतो. शिवाय वाळूचे तापमान 30 अंशांच्या आसपास एखाद-दुसऱ्या अंशाने बदलले, तरी त्यातून नर निपजणार की माद्या हे बदलते.

याबाबत कायदा नाही असे नाही. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत या कासवाला सर्वोच्च संरक्षण आहे. 2011 च्या किनारी नियमन क्षेत्र अधिसूचनेत गोव्यासाठी स्वतंत्र तरतुदी करून मोरजी, मांद्रे, आगोंद आणि गालजीबाग हे कासवांचे विणीचे किनारे म्हणून नमूद केले आहेत. या चार ठिकाणी वनखात्याचे कर्मचारी रात्री गस्त घालतात, अंडी कुंपणात सुरक्षित ठेवतात आणि पिल्ले समुद्रात सोडतात. त्यांच्या कष्टांबद्दल मला मनापासून आदर आहे. पण कासवाला अधिसूचना वाचता येत नाही. ते या चार किनाऱ्यांपलीकडेही येते आणि नेमक्या त्याच निर्जन, गस्त नसलेल्या वेळा सहलींच्या आयोजकांना हव्या असतात. तंबू, शेकोटी आणि कासव यांची गाठ तिथेच पडते.

शेजारच्या महाराष्ट्रात, रत्नागिरी जिल्ह्यात मंडणगड तालुक्यातील वेळास या गावात 2002 पासून कासवसंवर्धनाचे काम चालू आहे. पिल्ले सोडली जाताना पाहायला पर्यटक येतात ते गावातल्या घरांत उतरतात, घरचे जेवण जेवतात आणि ठरल्या वेळी दोरीच्या अलीकडे उभे राहतात. वाळूवर तंबू लागत नाहीत आणि पैसा गावात राहतो. आमच्या सहलीचे जेवण मात्र शहरातून टेम्पोने आले होते. तीन रात्रींत आम्ही 28 जणांनी काणकोणच्या गावांत शहाळ्यांखेरीज काही विकत घेतल्याचे मला आठवत नाही, आणि जाताना कचऱ्याच्या दोन पिशव्या सुरूच्या झाडाखाली राहून गेल्या. याची मला आजही लाज वाटते.

म्हणून पर्यटन खाते, वनखाते आणि किनारी पंचायतींना माझी विनंती आहे की, नोव्हेंबर ते मे या काळात पेडणे (मोरजी-मांद्रेचा तालुका) व काणकोणच्या कोणत्याही वेळेवर, मग ती अधिसूचित असो वा नसो, वाळूवर तंबू आणि शेकोटी यांना परवानगी देऊ नये. सहल हवी असेल तर मुक्काम टेकाडांच्या मागे, माडांच्या भाटात (बागेत) किंवा घराच्या अंगणात, मालकाला रीतसर भाडे देऊन व्हावा. समुद्राकडे तोंड करून एकही दिवा नसावा आणि गरजेपुरती विजेरी लाल कागदाने झाकलेली असावी. प्रत्येक गटासोबत त्या गावातला माणूस वाटाड्या म्हणून सक्तीने असावा, कारण वाळूवरचा माग आमच्यापैकी कोणालाच वाचता आला नव्हता. तो वाचला त्या मच्छीमाराने. उघड्यावर स्वयंपाक करण्यास पर्यटनस्थळांवर राज्यात बंदी आहेच, ती या निर्जन वेळांवरही पाळली जाते की नाही, हे पाहणे पंचायतींना अवघड नाही.

त्या पहाटेच्या मागाची माझ्या भाचीने काढलेली छायाचित्रे आणि तंबूंच्या जागेची नोंद मी वनखात्याच्या स्थानिक कार्यालयात दिली आहे. आयोजकांनाही पत्र पाठवले आहे. पुढच्या हंगामाच्या जाहिराती काही आठवड्यांत सुरू होतील, त्याआधी या विनंतीचा विचार व्हावा.

आपली नम्र,
एक वाचक, मडगाव