सव्वीस गाणी, आणि तीही ओळीने

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवार पुरवणीतील पाश्चात्त्य संगीतावरील लेखात भरमसाट गाणी रचणाऱ्या कलावंतांचा समाचार घेताना रॉबर्ट पोलार्ड यांच्या ‘फ्रॉम अ कंपाउंड आय’ या एकल अल्बमचाही उल्लेख आला आणि त्यातली निम्मी गाणी गाळली असती तर अल्बम उत्तम झाला असता, असा निकाल एका वाक्यात देण्यात आला. तो मला मान्य नाही. या अल्बमची बांधणी पाहिल्याशिवाय गाण्यांची संख्या मोजणे अन्यायाचे आहे, आणि बांधणी पाहायची तर गाण्यांमागून गाणी त्यांच्या क्रमानेच ऐकली पाहिजेत.

वाचकांच्या माहितीसाठी थोडी पार्श्वभूमी. पोलार्ड अमेरिकेतील ओहायो राज्यातल्या डेटन शहराचे. तेथील शाळेत ते चौथीच्या मुलांना शिकवत आणि उरलेल्या वेळात १९८३मध्ये सुरू केलेल्या ‘गायडेड बाय व्हॉइसेस’ या बँडसाठी गाणी करत. तळघरात, साध्या चार ट्रॅकच्या टेपयंत्रावर ध्वनिमुद्रण करणाऱ्या या मंडळींनी १९९५च्या ‘एलियन लेन्स’मध्ये २८ गाणी अवघ्या ४१ मिनिटांत बसवली होती. २००४च्या अखेरीस पोलार्ड यांनी बँड थांबवला आणि जानेवारी २००६मध्ये, वयाच्या ४८व्या वर्षी, हा २६ गाण्यांचा दुहेरी अल्बम स्वतःच्या नावाने काढला. एकल अल्बम त्यांनी पूर्वीही केले होते, परंतु बँडचा आधार सुटल्यानंतरचा हा पहिला. निर्मिती टॉड टोबायस यांची असून बहुतेक वाद्येही त्यांनीच वाजवली आहेत, त्यामुळे तळघरातल्या खरखरीची जागा येथे भरदार आणि नेटक्या ध्वनीने घेतली आहे.

आरंभीची सहा गाणीच पाहा. ‘गोल्ड’ संथपणे उघडते आणि ऐकणाऱ्याला घाई करू देत नाही. लगेच येणारे ‘फील्ड जॅकेट ब्लूज’ रोखठोक रॉक आहे, आणि त्याच्या जोरावर ‘डान्सिंग गर्ल्स अँड डान्सिंग मेन’ उसळून वर येते. संपूर्ण अल्बममधील सर्वांत सहज ओठांवर बसणारी चाल हीच, आणि दुसरा एखादा गीतकार अशा चालीवर एक आख्खी कारकीर्द उभी करू शकला असता. त्यानंतरचे ‘अ फ्लॉवरिंग ऑर्फन’ हे लहानसे गाणे, कापायला निघालेल्या समीक्षकाच्या नजरेत प्रथम भरेल असे. मात्र ते काढून ऐकून पाहावे. नाचऱ्या चालीवरून थेट ‘द राइट थिंग’ या एकाच घोषावर घोळत, दाटत जाणाऱ्या गाण्यावर उडी पडते आणि दोन्ही गाणी उणावतात. ‘यू. एस. मस्टर्ड कंपनी’ मग हा ताण सैल करते.

आम्हा सांगलीकरांना ही रीत परकी वाटू नये. विष्णुदास भावे यांनी १८४३मध्ये ज्या गावात ‘सीतास्वयंवर’ रंगवले आणि ज्याच्या शेजारच्या हरिपुरात गोविंद बल्लाळ देवल जन्मले, त्या गावाला जुन्या संगीत नाटकांतील साकी आणि दिंडी ठाऊक आहे. दोन मोठ्या पदांच्या मधली ती चार ओळींची रचना कोणी अपुरी म्हणत नाही, कारण मोठ्या पदाला जागा करून देणे हेच तिचे काम असते. पोलार्ड यांच्या छोट्या गाण्यांचे कामही हेच आहे.

अल्बमच्या मध्याच्या आसपास ‘लव्ह इज स्ट्राँगर दॅन विचक्राफ्ट’ येते. माझ्या मते हा या अल्बमचा कळस. येथे पोलार्ड यांचा आवाज थोडा थकलेला, तरीही उंच जाण्याचा हट्ट न सोडणारा असा ऐकू येतो. पॉप, पंक (वेगवान, ओबडधोबड रॉक), प्रॉग (लांब, गुंतागुंतीच्या रचनांचे रॉक) आणि सायकेडेलिक (स्वप्नवत भास निर्माण करणारे रॉक) हे आपल्या संगीताचे चार आधार असल्याचे ते सांगत आले आहेत. त्यातल्या प्रॉगची हौस ‘कॉन्करर ऑफ द मून’ या लांबलचक, वळणे घेणाऱ्या गाण्यात पुरी भागते, तर ‘आय ॲम अ विडो’ एका दमात पळणारे सरळ रॉक आहे.

सर्वच गाणी सारख्या तोलाची आहेत, असे मी म्हणणार नाही. ‘केन्सिंग्टन क्रेडल’ मला आजही रुचत नाही, आणि ‘फ्रेश थ्रेट्स, सॅलड शूटर्स अँड झिप गन्स’ शीर्षकाने जेवढी उत्सुकता वाढवते तेवढी गाण्याने भागवत नाही. पोलार्ड पुष्कळदा आधी शीर्षके लिहून ठेवतात आणि मागाहून त्यांची गाणी करतात; या पद्धतीत काही शीर्षके गाण्याहून मोठी राहणारच. तथापि दोनचार गाणी सैल आहेत, म्हणून निम्मा अल्बम काढून टाकावा हा हिशेब कोणता? शेवटाकडे ‘आय ॲम अ स्ट्राँग लायन’ ही छोटीशी डरकाळी, नंतर ‘पेमेंट फॉर द बेबीज’ आणि अखेरीस गंभीर ‘रिकव्हरिंग’ हा उतार ज्याने सुमारे ७० मिनिटे सलग दिली आहेत, त्यालाच पोहोचतो. निवडक बारा गाण्यांची यादी करून ऐकणाऱ्याला ‘रिकव्हरिंग’ हे केवळ आणखी एक संथ गाणे वाटेल.

आपल्या पुरवणीत पाश्चात्त्य संगीताला जागा मिळते याचा आम्हा वाचकांना आनंद आहे. म्हणूनच विनंती करतो की, अशा मोठ्या अल्बमवर लिहिताना परीक्षकांनी गाणी क्रमाने घ्यावीत, कोणते गाणे का गाळावे हे नावानिशी सांगावे आणि त्यासाठी दोन रविवारांची जागा लागली तरी ती द्यावी. या अल्बमपासूनच आरंभ करता येईल.

आपला नम्र,
एक नियमित वाचक
विश्रामबाग, सांगली