काकूंचा मुलगा सुटला

प्रिय मंदे,

दिवाळीपासून पत्र नाही म्हणून रागावली असशील. राग नंतर काढ, आधी हे वाच. काकूंचा मुलगा सुटला! हायकोर्टानं अपील मंजूर केलं, शिक्षा रद्द. येरवड्याच्या दारात अकरा वर्षांनी समोर आलेल्या लेकाला काकूंनी पहिलं काय विचारलं असेल? ‘जेवलास का?’ आम्ही रडता रडता हसलो. वकीलसाहेबांनी आणलेले पेढे निम्मे त्यांनीच संपवले.

पण तेव्हापासून माझ्या जिवाला घोर लागलाय. वर्गणी काढून अशा केसेस लढवणाऱ्या आपल्या गटातले सगळे म्हणतात, काम झालं, आता पुढची केस घेऊ. अगं, काम कुठं झालं? रेशनकार्डावरून त्याचं नाव कधीच कमी झालंय. बँकेत खातं उघडायला गेलो तर पत्त्याचा पुरावा मागितला. त्याच्या नावाचा ताजा कागद एकच, निकालाची प्रमाणित प्रत, आणि तिच्यात पानापानावर ‘आरोपी क्रमांक दोन’. मुंढव्याला एका गोदामात पॅकिंगचं काम जवळपास ठरलं होतं, ते चारित्र्य पडताळणीवर अडलं. गल्लीत कुजबुज, वकील तगडा होता म्हणून सुटला. काकू नळावर जायच्या बंद झाल्यात.

भरपाईचं तर विचारूच नकोस. चुकीच्या खटल्यात भरडलेल्यांच्या भरपाईसाठी कायदा करा, असं विधी आयोगानं २०१८ सालीच २७७ व्या अहवालात सांगितलंय. तो कायदा अजून झालेला नाही. नाशिकच्या खटल्यातल्या त्या सहा जणांची कात्रणं तूच फाइलला लावली होतीस. २००९ मध्ये सुप्रीम कोर्टानं सहाही जणांना फाशीची शिक्षा दिली आणि २०१९ मध्ये त्याच कोर्टानं निर्दोष सोडलं. प्रत्यक्षदर्शी साक्षीदारानं पोलिसांकडच्या फोटोंतून भलतेच चौघे ओळखले होते, हे दडवून ठेवलं होतं. सोळा वर्षं गेली, तेव्हा कोर्टानं प्रत्येकी पाच लाख द्यायला सांगितले. तेही त्या न्यायमूर्तींना वाटलं म्हणून. आमच्या निकालात भरपाईची एक ओळ नाही. वेगळा अर्ज करायचा तर पुन्हा वकील, पुन्हा तारखा, आणि तोवर माणसानं खायचं काय?

आपलं जुनं भांडण आठवलं. तू म्हणायचीस, कोठडीतल्या माणसाला १९८७ च्या कायद्यानं मोफत वकील मिळतो, मग वर्गणी वकिलावर कशाला, काकूंच्या भाड्याला द्या. मी आजही सांगते, पेपरबुकासाठी, म्हणजे अपिलाच्या कागदांच्या संचासाठी, आणि तारखेसाठी मागे लागणारं आपलं माणूस नसतं तर ते अपील अजून पडून असतं. एस. एम. जोशी सभागृहाबाहेर तू त्यावरून कप आपटलास, तो चहावाला अजून विचारतो, ‘त्या भांडणाऱ्या मॅडम कुठंयत?’ पण मंदे, आता भाड्याचीच वेळ आली आहे. निदान वर्षभर दरमहा ठरावीक रक्कम द्यावी, आणि कागदपत्रांसाठी कुणीतरी त्याच्याबरोबर फिरावं, असं मी बैठकीत मांडणार आहे. गटातले दादा विरोध करतील. त्यांना तूच गप्प करू शकतेस.

तो आत सुतारकाम शिकलाय. बँकेत सही करताना हात नुसते थरथरत होते. परवा काकूंची डुगडुगणारी खुर्ची त्यानं उलटी केली, सैल पाय उपसला, पातळ पाचर तासून ठोकली आणि तळहातानं दाबून पाहिलं. तेव्हा हात अगदी स्थिर. मी तिथंच ठरवलं, याला सुतारकामच मिळवून द्यायचं.

माझी शुगर ठीक आहे. तुझं गुडघ्याचं ऑपरेशन नीट झालं ना? लेकीच्या बारावीचं कळलं, फार आनंद झाला, तिला पेढे माझ्याकडून.

आता दोन कामं. रविवारी चार वाजता बैठक आहे, ये. गुडघ्यामुळं जमत नसेल तर फोनवरून बोल, मी स्पीकर लावीन. आणि साताऱ्याला तुझ्या दिरांच्या फर्निचरच्या कारखान्यात कामावर घेताना पोलीस पडताळणी मागतात का, ते आजच विचार. त्यांना सगळं खरं सांग, तुरुंगाचंही. निकालाची प्रत मी पाठवते.

तुझी,
कुंदा