अबूचा सिनेमा

प्रिय सुहास,

मुलांना दाखवायला तलवारी, जादू आणि चोरीला गेलेलं रत्न असलेला जुना सिनेमा विचारलास, तर मी एकच नाव घेईन: ‘द थीफ ऑफ बगदाद’. निर्माता अलेक्झांडर कोर्डानं काढलेला, १९४०चा, रंगीत. याच नावाचा १९२४चा मूकपटही आहे, तो नव्हे.

गोष्ट म्हणायला राजा अहमद आणि बसऱ्याच्या राजकन्येची. वजीर जाफर राज्य बळकावतो, अहमदला आंधळा करतो. कॉनराड व्हाइटचा जाफर नुसता रोखून बघतो तरी धडकी भरते. पण सिनेमा आहे अबूचा, बाजारात चोऱ्या करणाऱ्या पोराचा. ते काम केलंय साबूनं. म्हैसूरच्या माहुताचा मुलगा, आधी ‘एलिफंट बॉय’मध्ये चमकलेला. त्याचं ते उघड्या अंगानं धावणं, गच्चीवरून उड्या मारणं, कुठंच अभिनय वाटत नाही. अहमद प्रेमात उसासे टाकत बसतो आणि सगळी धावपळ हे पोरगं करतं!

बाटलीतून अजस्र जिन्न सुटतो, तो रेक्स इंग्रॅम. तीन इच्छा मिळाल्यावर भुकेला अबू पहिली कसली मागतो, तर आईच्या हातच्यासारखे सॉसेज. मला तिथं दरवेळी गलबलून येतं. मग जिन्न त्याला उचलून नेतो थेट जगाच्या माथ्यावरच्या देवळात. तिथल्या देवीच्या कपाळावर सगळं दाखवणारं लालभडक रत्न. मूर्तीच्या आतून वर चढायचं, मध्ये भलंमोठं जाळं, त्यात माणसाहून मोठा कोळी. धाकटी घाबरेल, तिला मांडीवर घेऊन बस. आज त्यातली कारागिरी कळते, तरी तलवार घेऊन भिडलेला साबू बघताना श्वास रोखला जातोच.

आणि खरी गंमत चोरीनंतर आहे. त्या रत्नात अबूला मित्राचा, म्हणजे अहमदचा, जीव धोक्यात दिसतो, पण तो एकटाच डोंगरदरीत अडकलेला. सगळं दिसतंय आणि हातात काही नाही. चिडून, रडवेला होऊन तो ते रत्न दगडावर आपटून फोडतो. एवढ्या जिवावर उदार होऊन मिळवलेलं! आणि नेमकं ते फुटल्यावरच त्याची वाट मोकळी होते. पुढचं सांगत नाही. उडता गालिचा मुलांनीच बघू दे.

चित्रीकरण इंग्लंडमध्ये सुरू झालं, १९३९मध्ये युद्ध पेटलं आणि उरलेलं काम अमेरिकेत नेलं. श्रेयनामावलीत तीन दिग्दर्शक आहेत, त्यामुळे मधला भाग थोडा रेंगाळतो. तेवढं सांभाळून घे. छायाचित्रण, कलादिग्दर्शन आणि विशेष परिणाम, अशी तीन ऑस्कर त्याला मिळाली, आणि ती रंगसंगती बघून तुलाही पटेल.

मोबाइलवर मात्र दाखवू नकोस, मोठा पडदा लाव. आणि थोरल्याला विचारून कळव, रत्न फोडलं ते त्याला बरोबर वाटलं का.

तुझाच,
अनिल